पाणी खालून येतंय

गाडीचं दार उघडलं की आधी वास यायचा. कुबट, न वाळलेल्या पोतेऱ्यासारखा. काचा खाली केल्या की दोन मिनिटांत कमी व्हायचा, म्हणून काही दिवस मी तिकडे दुर्लक्षच केलं. मग एका सकाळी काचा आतून धुरकट झाल्या. हाताने पुसल्या, पुन्हा धुरकट. ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढे वाकून हात घातला तर मॅटची कड ओली लागली.

त्या सीटवर माझा मुलगा बसतो. तेरा वर्षांचा आहे, फुटबॉल खेळतो, आणि मैदानातून तसाच चिखलाच्या बुटांनी गाडीत चढतो. मला आणखी पुरावा लागला नाही.

"तुझे ओले बूट," मी म्हटलं.

"आई, मी पुसून बसतो गं."

मी ऐकून घेतलं नाही. पुढच्या दोन महिन्यांत मी ती मॅट चार वेळा धुतली, आणि चारही वेळा हात मॅटवर होते, राग त्याच्यावर. त्या राग-रागाच्या धुण्यांतूनच हळूहळू मॅट धुवायची कशी हे मला कळत गेलं. हे काम इतकं किरकोळ समजलं जातं की ते कुणी कुणाला शिकवत नाही. गाडी धुणारे काच आणि टप चकाचक करतात, मॅट दोनदा झटकून पुन्हा आत टाकतात. आणि गाडीतला सगळ्यात मळणारा, सगळ्यात जास्त ओलावा धरणारा भाग तोच असतो.

पहिल्या वेळी मी जे केलं ते बहुतेक जण करत असतील. मॅट काढली, नळाखाली धरली, वर भरपूर धुण्याची पावडर टाकली आणि घासायला बसले. काळं पाणी वाहायला लागलं तसं समाधानही वाटलं. दुपारी वाळली तेव्हा हाताला पुठ्ठ्यासारखी कडक लागली, रंग राखाडी दिसत होता, आणि आठवडाभरात ती धुण्याआधीपेक्षा जास्त मळली.

असं का होतं हे कळायला मॅट जवळून पाहावी लागते. कापडी मॅट म्हणजे एक छोटं कार्पेटच. वर नायलॉनच्या किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या धाग्यांची उभी लव, खाली ती लव धरून ठेवणारा थर, आणि सगळ्यात खाली रबराची किंवा प्लास्टिकची पाठ. त्या पाठीवर बारीक बारीक टोकं असतात, ती गाडीतल्या गालिच्यात रुतून मॅटला जागेवर ठेवतात. आपल्या बुटांबरोबर येते ती बहुतांशी कोरडी माती आणि वाळू. ती लवेच्या टोकावर थांबत नाही. पायाचा दाब पडत राहतो, गाडी हादरत राहते, आणि कण धाग्यांमधून उतरत उतरत मुळाशी जाऊन बसतात. वरून पाहिलं तर मॅट फारशी मळलेली दिसतही नाही. अशा मॅटवर आपण पाणी ओततो तेव्हा मुळाशी बसलेल्या त्या धुळीचा तिथल्या तिथे चिखल होतो. मग ब्रशने तो चिखल वर काढण्याऐवजी आणखी आत लोटला जातो.

म्हणून आता माझ्याकडे मॅट धुण्याचा अर्धा वेळ पाण्याशिवायच जातो.

मॅट बाहेर न्यायची, लव खाली आणि पाठ वर अशी धरायची, आणि पाठीवर जाड काठीने किंवा जुन्या लाटण्याने धोपटायचं. लवेच्या बाजूने मारलं तर कण आत जातात. पाठीवर मारलं की सुटून खाली पडतात. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा खाली जुनं वर्तमानपत्र अंथरलं होतं. वाटलं होतं, चिमूटभर धूळ पडेल. पडली ती ओंजळभर वाळू. त्या वाळूत एक शर्टाचं बटण होतं, पेन्सिलीला टोक केल्याची नक्षीदार साल होती, आणि मैदानावरच्या गवताच्या वाळून पिवळ्या पडलेल्या काड्या होत्या. कागद उचलून तिरपा केला तर वाळू सरकताना खस्स असा आवाज आला. पंधरा दिवसांपूर्वीच मी ती मॅट 'स्वच्छ' धुतली होती.

ही वाळू नुसती घाण नाही, ती मॅट कापते. वाळूत मुख्यतः क्वार्ट्झ असतो. खनिजांची कठीणता मोजायची फ्रेडरिक मोहस याची १ ते १० अशी एक पट्टी आहे, तिच्यावर क्वार्ट्झ ७ वर येतो. साधी काच साडेपाचच्या आसपास. म्हणजे जो कण काचेवर ओरखडा काढू शकतो, तो नायलॉनच्या धाग्यांच्या मुळाशी बसलेला असतो आणि आपण दिवसातून शंभर वेळा त्यावर टाच फिरवतो. ड्रायव्हरच्या मॅटवर ॲक्सिलरेटरच्या खाली जो गोल टक्कल पडल्यासारखा भाग दिसतो, तो नुसत्या टाचेने झिजत नाही, टाच आणि वाळू मिळून तो झिजवतात. मॅट टिकवायची असेल तर दर आठवड्याला दोन मिनिटं धोपटणं हे वर्षातून चार वेळा धुण्यापेक्षा कितीतरी जास्त कामाचं आहे, हे माझं ठाम मत झालं आहे.

धोपटून झालं की कोरड्या, जरा कडक केसांच्या ब्रशने चारही दिशांनी लव उलटीसुलटी करायची आणि मग व्हॅक्युम फिरवायचा, हळू. व्हॅक्युम भराभर पुढे-मागे केला तर वरवरचं तेवढं निघतं. इंच इंच सरकवत, एकाच जागेवरून उभा आणि आडवा असा दोनदा नेला तर नळीतून खडखड ऐकू येते. ती खडखड थांबेपर्यंत थांबायचं नाही. व्हॅक्युम नसेल तर धोपटणं आणि ब्रश आणखी दोनदा. कुत्र्या-मांजराचे केस असतील तर व्हॅक्युम हरतो, तिथे हातात रबराचे मोजे घालून एकाच दिशेने ओढत जायचं. रबराला घट्ट पकड असते, केसांची गुंडाळी होऊन वर येते.

आणि मॅटवर ओला चिखल असेल तर त्याला हात लावायचा नाही. मला हे सगळ्यात अवघड गेलं, कारण चिखल दिसला की लगेच पुसावासा वाटतो. पण ओला चिखल पुसला की पसरतो आणि आत शिरतो. रात्रभर तसाच वाळू द्यावा. सकाळी मॅट नुसती दुमडली तरी त्याचे तुकडे पडतात.

आता पाणी.

हर्बर्ट सिनर नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९५९ मध्ये धुण्याचं एक साधं गणित मांडलं. कुठलंही धुणं चार गोष्टींवर चालतं: रसायन, घासणं, तापमान आणि वेळ. यातली एक कमी केली तर उरलेल्या तिघींनी ती भरून काढावी लागते. स्वच्छतेच्या व्यवसायात आजही त्याच्या नावाने हे वर्तुळ शिकवतात. हे वाचलं तेव्हा मला माझी पहिली मॅट आठवली. मला वेळ द्यायचा नव्हता, म्हणून मी पावडर वाढवली होती. आणि ती पावडर पूर्ण निघालीच नव्हती.

साबणाच्या कणाचं एक टोक पाण्याकडे ओढलं जातं आणि दुसरं तेलकट मळाकडे. मळाला चिकटलेलं टोक घेऊन तो पाण्याबरोबर वाहून जातो, म्हणून धुणं होतं. पण जो साबण वाहून जात नाही, तो धाग्यावर वाळतो, आणि त्याचं मळाला धरणारं टोक काम करतच राहतं. येणाऱ्या प्रत्येक बुटाची धूळ तो पकडून ठेवतो. जास्त साबणाने धुतलेली मॅट लवकर मळते ती यामुळे, आणि तो पुठ्ठ्यासारखा कडकपणाही त्याचाच.

म्हणून आता अर्धी बादली कोमट पाणी आणि त्यात चहाचा एक चमचा द्रव साबण, भांडी घासायचा किंवा लोकरीचे कपडे धुवायचा सौम्य. उकळतं पाणी नको, त्याने पाठ चिकटवलेला गोंद सुटू शकतो. हाताने ढवळून फेस करायचा, ब्रश त्या फेसात बुडवून मॅटवर फिरवायचा, मॅट चिंब करायची नाही. मग दहा मिनिटं तिला तशीच राहू द्यायची, फक्त वाळू द्यायची नाही. सिनरच्या चौघींपैकी वेळ ही एकटीच फुकट मिळते आणि तिलाच आपण सगळ्यात आधी काटतो. दहा मिनिटांनी घासायला घेतलं की ब्रशला जोर लावावाच लागत नाही. लव जिकडे झुकते तिकडे एकदा, मग उलट. त्यानंतर मॅट तिरपी उभी करून वरून खाली पाणी सोडायचं आणि तळहाताने वरून खाली दाबत न्यायचं. पाणी नितळ झालं की झालं असं मला आधी वाटायचं. पण पाणी नितळ झाल्यावरही तळहाताने जोरात दाबलं तर बोटांच्या फटीत पांढरा फेस येतो. तो यायचा थांबेपर्यंत पाणी सोडत राहायचं. खंगाळायला घासण्यापेक्षा दुप्पट वेळ लागला तर तो बरोबर लागला असं समजावं.

व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून ओतायचा सल्ला सगळीकडे दिसतो. फसफसतं ते पाहायला छान वाटतं, पण मी त्याच्या विरोधात आहे. एक आम्ल, दुसरा अल्कली. एकत्र आले की एकमेकांना निकामी करतात आणि मागे उरतं ते मुख्यतः पाणी आणि थोडं सोडियम ॲसिटेट. वेगवेगळे वापरले तर दोघेही कामाचे आहेत. सोडा कोरड्या मॅटवर भुरभुरवून रात्रभर ठेवला आणि सकाळी व्हॅक्युमने काढला तर आंबूस वास कमी होतो. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून शेवटी एकदा फिरवलं तर साबणाचा राहिलेला थर आणि क्षारांचे पांढरे डाग निघतात. बर्फाळ प्रदेशांत रस्त्यावर मीठ टाकतात, त्याची पांढरी वर्तुळं मॅटवर उमटतात, तीही अशीच जातात. मात्र क्लोरीनवालं ब्लीच आणि व्हिनेगर कधीही, चुकूनही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि तो छातीला घातक आहे. तसंही रंगीत मॅटला ब्लीच लावण्याचं काही कारण नसतं.

डागांचं थोडक्यात सांगते. काहीही सांडलं की आधी टिपायचं, घासायचं नाही. कोरडा सुती कपडा दाबून धरायचा, उचलायचा, कोरडी बाजू पुन्हा दाबायची. तेल-ग्रीस असेल तर त्यावर टाल्कम पावडर टाकून तासभर ठेवावी, तेल ती शोषते, मग साबण. च्युइंगमला बर्फ लावून कडक करावं आणि बोथट सुरीने उचकटावं. दुधाचं मात्र वेगळं आहे. दूध सांडल्यावर गरम पाणी ओतलं तर त्यातलं प्रथिन धाग्यावरच घट्ट बसतं. थंड पाण्यानेच काढावं, आणि वास राहिलाच तर एन्झाइमवालं क्लीनर घ्यावं. ते प्रथिनं तोडतं, वासावर वास चढवत नाही. सुगंधी फवारे वापरून पाहिलेत मी. कुबट वासात गुलाब मिसळला की जे होतं त्यापेक्षा नुसता कुबट वास सुसह्य असतो.

रबरी मॅटचं काम सोपं आहे. झटका, साबणाच्या पाण्याने खाचांमधून ब्रश फिरवा, धुवा, उभी करून निथळू द्या. कडक उन्हात तासन् तास ठेवू नये, अतिनील किरणांनी रबर कडक होऊन तडकतं. नूडल मॅट, म्हणजे ती प्लास्टिकच्या वेटोळ्यांची, तिच्यात वाळू सगळ्यात खोल लपते. तिला उलटी करून पाण्याची धार मारावी, वरून मारू नये. चामड्यासारख्या दिसणाऱ्या सेव्हन-डी मॅटच्या शिवणींत पाणी शिरलं तर आतला फोम ते सोडत नाही, म्हणून तिला ओल्या फडक्याने पुसणंच बरं.

रबरी मॅट वाळल्यावर तिला टायरचं किंवा डॅशबोर्डचं चकचकीत पॉलिश लावायचा मोह होतो. काळीभोर, नव्यासारखी दिसते. पण त्यातल्या सिलिकॉनने पृष्ठभाग निसरडा होतो, आणि ड्रायव्हरच्या टाचेला ब्रेक दाबताना आधार त्याच जागेचा असतो. पायाखालच्या कुठल्याही वस्तूला चकाकी लावू नये.

आता वाळवणं. माझ्या दृष्टीने हाच या सगळ्या कामाचा गाभा आहे, आणि मी सगळ्यात जास्त चुकले तेही इथेच.

दुसऱ्यांदा मॅट धुतली तेव्हा मी ती लव वर करून सपाट जमिनीवर पसरली. धुतल्या धुतल्या अगदी स्वच्छ होती. संध्याकाळी पाहिलं तर मधोमध जुना तपकिरी डाग पुन्हा उमटलेला. मला वाटलं, मुलाने पुन्हा पाय दिला. त्याला तसं म्हणालेही. तो काही न बोलता आत निघून गेला.

त्याने पाय दिलाच नव्हता. मॅटची पाठ रबराची, तिच्यातून पाणी खाली जाऊ शकत नाही. सपाट ठेवलेल्या मॅटमधलं पाणी सुटायला एकच वाट असते, वर, धाग्यांच्या टोकांतून. दिव्याची वात जसं तेल वर ओढते तसं प्रत्येक धागा मुळाशी राहिलेलं मळकं पाणी टोकाकडे ओढतो. तिथे पाण्याची वाफ होते, मळ मागे राहतो. धुतलेला डाग वाळल्यावर परत दिसतो तो असा. तो खाली होताच, वाळताना फक्त वर आला.

यावर उपाय म्हणजे वाळवायच्या आधीच जितकं पाणी काढता येईल तितकं काढायचं. मी जुना जाड टॉवेल मॅटच्या लवेवर अंथरते, दोन्ही मिळून घट्ट गुंडाळी करते आणि त्या गुंडाळीवर गुडघ्याने भार देते. टॉवेल ओलाकिच्च होतो. दुसरा घेते. मग मॅट दोरीवर किंवा कठड्यावर उभी टांगते, म्हणजे पाणी लवेतून खालच्या कडेला उतरतं. दोन तासांनी वरची कड खाली करायची, कारण सगळा ओलावा खालच्या चार बोटांत साचलेला असतो. कापडी मॅटला थोडं ऊन चालतं, पण पाठ तापून मॅट वाकडी होते, म्हणून तासा-दोन तासांनी सावलीत आणि वाऱ्यात. हवा दमट असेल तर पंखा लावायचा. वाळवतो तो वारा, ऊन फक्त मदत करतं.

वाळली की नाही हे बोटांनी कळत नाही. बोटांना ओल्या कामाची सवय झालेली असते. मॅट गालाला लावून पाहावी. जराही ओल असेल तर बाष्पीभवनामुळे ती गालाला थंड लागते. आणखी खात्री हवी तर लवेवर कोरडा पांढरा कागद ठेवून त्यावर टाचेने उभं राहावं. कागद तसाच राहिला पाहिजे.

अर्धवट ओली मॅट गाडीत टाकू नये, मग ती मॅट घालायला एक दिवस उशीर झाला तरी चालेल. बंद गाडीत तो ओलावा जाणार कुठे? तो काचांवर येऊन बसतो, मॅटखालच्या गालिच्यात उतरतो, आणि बुरशीला लागतं ते सगळं तिला मिळतं. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते की भिजलेल्या वस्तू २४ ते ४८ तासांत वाळवल्या तर बहुतेक वेळा बुरशी धरत नाही. मी तिसऱ्या वेळेपासून मॅट दोन दिवस बाहेरच ठेवायला लागले.

चौथ्या वेळी सगळं नीट केलं होतं. धोपटून, फेस लावून, थांबून, खंगाळून, पिळून, टांगून. गालाला लावून पाहिली, कोरडी ठणठणीत. नाक खुपसून वास घेतला, काही नाही. गाडीत घातली. चार दिवसांनी दार उघडलं आणि तोच वास.

तेव्हा मात्र मी मुलाला काही बोलले नाही. त्या आठवड्यात तो आजारी होता. गाडीत बसलाच नव्हता.

गाडी एका मेकॅनिककडे नेली ती दुसऱ्याच कामासाठी. जाता जाता वासाचं सांगितलं, मॅट चार वेळा धुतल्याचंही सांगितलं. त्यांनी मॅट उचलून बाजूला ठेवली आणि तिच्याखालच्या गालिच्यावर पंजा दाबला. बोटांभोवती पाणी वर आलं.

"ताई, मॅट धुऊन काय होणार? पाणी खालून येतंय."

मी चार वेळा मॅट धुतली होती. मॅटखालच्या गालिच्याला एकदाही हात लावला नव्हता.

एसी चालतो तेव्हा डॅशबोर्डमागच्या थंड जाळीवर हवेतली वाफ दवासारखी जमते. ते पाणी एका छोट्या रबरी नळीतून गाडीच्या खाली टपकतं. उन्हाळ्यात उभ्या गाडीखाली जे ओलं दिसतं, ते हेच. माझ्या गाडीची ती नळी धूळ आणि पाचोळ्याने तुंबली होती. पाण्याला बाहेरची वाट मिळेना तेव्हा ते आत उतरलं, गालिच्याखाली, तिथल्या नमद्यासारख्या जाड थरात. वर रबरी पाठीची मॅट, म्हणजे झाकणच. मेकॅनिकनी खालून नळीत तार घातली, जरा हलवली, आणि भस्सकन काळं पाणी खाली आलं. पाच मिनिटांचं काम.

तिथे उभ्या उभ्या त्यांनी मला आणखी बरंच सांगितलं. मॅट वरून ओली आणि खाली कोरडं असेल तर पाणी पायांनी आलं. मॅट वरून कोरडी आणि खाली ओलं असेल तर गाडीतून आलं. फक्त पावसानंतर ओलं होत असेल तर दाराचं रबर किंवा सनरूफच्या नळ्या बघायच्या. एसी चालवल्यावर होत असेल तर ही नळी. आणि ओलावा जरा चिकट, गोडसर वासाचा असेल तर ते कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव आहे, हीटरकडून गळतंय, मग गाडी लगेच दाखवायची. हे ओळखायला अर्धं मिनिट लागतं. धुवायला घेण्याआधी मॅट उचलून दोन्ही बाजूंना आणि खाली हात लावून पाहायचा, बस्स.

गालिच्याखालचा थर वाळायला पूर्ण तीन दिवस गेले. उंबरठ्याची पट्टी काढून गालिचा वर उचलून धरला, खाली वर्तमानपत्राच्या सुरळ्या सरकवल्या, दारं उघडी ठेवून पंखा लावला. दर काही तासांनी सुरळ्या बदलायच्या. दुसऱ्या दिवशी मुलगा स्वतःहून येऊन बसला आणि ओल्या सुरळ्या काढून कोरड्या देऊ लागला.

"तुझ्या बुटांचं नव्हतं रे ते," मी म्हटलं. "मी उगाच बोलले तुला. इतके दिवस."

"मी सांगत होतो तुला," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. मग जरा थांबून, "एकदा मात्र खरंच पुसले नव्हते. पण एकदाच."

आम्ही मॅट मिळून बसवल्या. ड्रायव्हरच्या मॅटला जमिनीतल्या खिट्टीत अडकवायची दोन भोकं असतात. धुऊन परत घालताना ती अडकवायची राहून जातात, माझीही कित्येकदा राहिली होती. २८ ऑगस्ट २००९ ला कॅलिफोर्नियात एका लेक्सस गाडीला अपघात होऊन चार माणसं गेली. त्या गाडीत दुसऱ्याच मॉडेलची रबरी मॅट घातलेली होती आणि ॲक्सिलरेटर तिच्यात अडकल्याचं तपासात पुढे आलं. त्यानंतर साधारण महिनाभराने, लेक्सस बनवणाऱ्या टोयोटाने अमेरिकेतल्या सुमारे ३८ लाख गाड्यांच्या मालकांना ड्रायव्हरसमोरची मॅट काढून ठेवायला सांगितलं. हे माहीत झाल्यापासून मी खिट्टी अडकवल्याशिवाय इंजिन सुरू करत नाही. जुन्या मॅटवर दुसरी मॅट टाकत नाही. इंजिन बंद असताना तिन्ही पेडल तळापर्यंत दाबून पाहते, मॅटची कड कुठे शिवत नाही ना. मुलाला खाली बसवून हे पाहायला लावलं. त्याने गाल जमिनीला टेकवून पेडलखाली टॉर्च मारला आणि "अजून दोन बोटं जागा आहे" म्हणून सांगितलं.

दर रविवारी मॅट धोपटायचं काम आता त्याने घेतलंय. कागदावर काय काय पडलं ते मला दाखवायला आणतो. मी उन्हातून गाडी आणून लावली की तो उतरतो, दार लावायच्या आधी वाकून गाडीखाली बघतो.

"आई, टपकतंय," तो सांगतो.